अप्पा राजी आहेत

माणसाच्या मनातलं खरं आणि त्याच्या ओठांवरचं खरं यांच्यातली हजारो वर्षांची दरी ज्या दिवशी बुजली, त्या दिवशी पृथ्वीवर सत्ययुगाचा दुसरा प्रारंभ झाला.

हे वाक्य होकारपट्टीच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे. त्याच्या खाली काळ्या अक्षरांत 'पट्टी ओली करू नये. चिकटत नसल्यास थुंकी लावू नये' असं होतं. यातलं दुसरं वाक्य नंतरच्या आवृत्तीत घालावं लागलं.

होकारपट्टी म्हणजे बोटभर रुंदीची, कानाच्या पाळीखाली मानेवर चिकटवायची एक पट्टी. तिच्यामागचं विज्ञान खरोखर चांगलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते विज्ञानाने केलेलं नाही. माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत काय ते ठरलेलं असतं. ते ठरणं मानेतून खाली उतरतं. कंठाचे स्नायू शब्दाची तयारी करतात, आणि मेंदूपासून हृदयाकडे जाणारी एक लांबलचक नस त्या शब्दाला सैल सोडते किंवा आवळून धरते. तोंडाने 'हो' आणि नसेने 'नको' असं झालं की दोन संकेतांत फट पडते. पट्टी ती फट मोजायची आणि शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा द्यायची. एक म्हणजे मनापासून हो, शून्य म्हणजे मनापासून नाही. बहुतेक माणसं बहुतेक प्रश्नांना मध्येच कुठेतरी लोंबकळत असतात, असं ही पट्टी शोधणाऱ्या बाईंनी आपल्या निबंधात लिहिलं होतं, आणि हाच आपला मुख्य शोध आहे असंही लिहिलं होतं. तो परिच्छेद सरकारी सारांशात आला नाही.

कायद्याला अपूर्णांक चालत नाही. आईवडिलांना ज्येष्ठालयात ठेवायचं असेल तर त्यांची खरी इच्छा आहे हे सिद्ध करावं, असा कायदा झाला होता. (वृद्धाश्रम हा शब्द अपमानकारक म्हणून रद्द झाला होता. इमारती त्याच होत्या.) खरी इच्छा पॉइंट सत्तावन्न आहे असं म्हणून कुणाला कुठे ठेवता येत नाही. तेव्हा इच्छा प्राधिकरणाने ठरवलं की अर्ध्याच्या वर ते 'हो' आणि अर्ध्याच्या खाली ते 'नाही'. संगणकाच्या भाषेत ट्रू आणि फॉल्स. सत्ययुग एका बिटात मावलं.

केतकी गुळवणी मिरजेच्या एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायची. यंत्रं स्वतःच प्रोग्रॅम लिहू लागल्याला बरीच वर्षं झाली होती, पण अभ्यासक्रम तसाच होता, कारण तो बदलणारी समिती बरखास्त झाली होती.

"बूलियन व्हेरिएबल म्हणजे काय?" तिने विचारलं.

"मॅडम, ज्यात दोनच गोष्टी राहतात. ट्रू नाहीतर फॉल्स."

"उदाहरण?"

"दिवा. चालू नाहीतर बंद."

"दुसरं?"

"पंखा."

"विजेवर न चालणारं एखादं?"

"लग्न, मॅडम," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. केतकी हसली नाही. तिने फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर शंतनू नावाच्या मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम होता. वर्गातली सगळी मुलं पास आहेत का, एवढंच त्याने शोधायचं होतं. त्यासाठी त्याने 'सगळे पास' नावाचं एक व्हेरिएबल घेतलं होतं, आणि हजेरीतला एकेक नंबर घेऊन तो पास असेल तर त्यात ट्रू आणि नापास असेल तर फॉल्स टाकत तो शेवटपर्यंत गेला होता.

"शंतनू, पहिला नापास झाला तर काय होईल?"

"फॉल्स पडेल."

"मग दुसरा पास झाला तर?"

"ट्रू पडेल."

"मग पहिल्याचं नापास होणं कुठे गेलं?"

शंतनू फळ्याकडे बघत राहिला. "पुसलं, मॅडम."

"म्हणजे वर्ग पास की नापास हे कुणावर ठरतं?"

सगळ्यांनी वळून क्षीरसागरकडे पाहिलं. हजेरीत शेवटचा नंबर त्याचा होता. क्षीरसागरने अपराध्यासारखी मान खाली घातली.

"एकदा फॉल्स पडलं की ते फॉल्सच राहायला हवं," केतकी म्हणाली. "मग क्षीरसागर कितीही हुशार असो." दरवर्षी मुलं नवी यायची आणि हीच चूक बरोबर घेऊन यायची. तिला आता त्या चुकीचा रागही येत नसे. जेवणात खडा लागल्यावर तो बाजूला काढून ठेवावा तशी ती ती चूक काढून ठेवायची.

तास संपला आणि तिच्या धाकट्या भावाचा, निनादचा फोन आला.

"ताई, चांगली बातमी आहे. अप्पा राजी आहेत."

"कशाला?"

"ज्येष्ठालयाला. निवांत म्हणून आहे ना, मालगाव रस्त्यावर. काल पट्टी लावून आणली. रीतसर ट्रू आलंय."

"अप्पा राजी आहेत?"

"अगं, मलाही आश्चर्यच वाटलं," निनाद म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्याचा मागमूस नव्हता. "पण त्यांची खरी इच्छा असेल तर आपण कोण आड येणार?"

केतकी त्याच संध्याकाळी भावाच्या घरी गेली. दार उघडताच लॅव्हेंडर तेलाचा वास आला, इतका दाट की घशात गिळावा लागला. भावजय ऋचा सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. तिने केतकीकडे पाहून हसून ओठांवर बोट ठेवलं. ती संध्याकाळी मौन पाळायची. निनाद हळू आवाजात म्हणाला की अप्पांची खोली मोकळी झाली की तिथे ध्यानखोली करायची आहे. "मनःशांतीसाठी घरात एक कोपरा लागतोच गं."

अप्पांच्या खोलीत भिंतीवर रंगाचे नमुने चिकटवलेले होते. फिका मोरपंखी अप्पांच्या उशीच्या बरोब्बर वर होता. त्याच्या खाली अप्पा चष्मा पुसत बसले होते. नरहर गुळवणी वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू आणि पेट्रोलपंपांचे मीटर तपासले, आणि कुणी पुढे केलेली सुपारीसुद्धा घेतली नाही. त्यामुळे त्यांना मित्र फार नव्हते.

"अप्पा, तुम्हाला तिकडे जायचंय?"

"मी कशाला जातोय?"

"मग पट्टीला हो कसं म्हणालात?"

"कोण म्हणालं हो? मी स्पष्ट नाही म्हणालो. प्रत्येक प्रश्नाला." अप्पांनी चष्मा चढवला. "तुला सांगतो केतू, ते केंद्र म्हणजे नरक आहे. बस स्टँडच्या वर. पूर्वी तिथे लॉज होतं, वास अजून तोच आहे. ती पोरगी एका फडक्याने पट्टी पुसते आणि त्याच फडक्याने टेबल. माझ्या आधीच्या गृहस्थांच्या मानेचं जे काही होतं ते चिकट चिकट माझ्या मानेला लागलं. मी विचारलं, बाई, या उपकरणावर पडताळणीचा शिक्का कुठाय? तर म्हणते, आजोबा, घाबरू नका, दुखत नाही."

"प्रश्न काय होते?"

"पहिले तीन नुसते नोंदीला. मुलाकडे राहायला आवडेल का, मुलीकडे आवडेल का, ज्येष्ठालयात आवडेल का. मग खरे प्रश्न. स्वखुशीने जाताय का? नाही म्हटलं. विचार करून ठरवलंय का? नाही. कायम राहायची तयारी आहे का? नाही. मग विचारलं, सगळी उत्तरं खरी दिलीत का? म्हटलं हो, खोटी कशाला देऊ? आणि शेवटी चहा घेणार का म्हणाली. त्याला हो म्हटलं."

केतकीने त्यांना थांबवलं. "चहाचं पट्टीने विचारलं? पट्टी मानेवर असताना?"

"हो. आणि काय तो चहा! यंत्रातून काढलेला, वर सायीचं कातडं. पण मी घेतला. सकाळपासून घशात थेंब नव्हता. त्या दिवशी दूध नासलं म्हणे घरात."

चहाचा प्रश्न ही आपल्या राज्याची खास भर होती. इतर राज्यांत पट्टी लावत, प्रश्न विचारत, माणसाला घरी पाठवत. इथे पहिल्याच महिन्यात तक्रारी आल्या, की वडीलधाऱ्या माणसाला बोलावून, मानेला काहीबाही चिकटवून, नुसत्या पाण्यावर परत पाठवतात. वर्तमानपत्रात अग्रलेख आला. मंत्र्यांनी विधानसभेत आतिथ्यावर भाषण केलं. चहाचं यंत्र पट्टीच्या संगणकाला जोडलं गेलं, आणि 'चहा घेणार का?' हा प्रश्न प्रश्नांच्या रांगेत शेवटी जोडण्यात आला. तो चहाचा आहे हे संगणकाला कुणी सांगितलं नाही.

पट्टीचा प्रोग्रॅम मनोगत सिस्टिम्स नावाच्या कंपनीने केला होता. तिच्या सांगलीच्या कचेरीत रोहन वाघचौरे नावाचा केतकीचा जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर होता. तो मॅडमना बघून उठून उभा राहिला, नमस्कार केला, आणि पुन्हा बसून पुडीतले मसाला वेफर्स खाऊ लागला.

"रोहन, तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'राजी' नावाचं एक व्हेरिएबल असणार."

"आहे ना."

"आणि प्रत्येक उत्तराला तुम्ही ते नव्याने भरता. म्हणजे सगळं शेवटच्या क्षीरसागरवर ठरतं."

रोहनने तर्जनी चाटली, मग मधलं बोट. "क्षीरसागर," तो म्हणाला आणि हसला. "तेव्हा आमच्या वर्गात शेवटचा नंबर ज्ञानमोठेचा होता, मॅडम. तुम्ही ज्ञानमोठे म्हणायचात."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहितीय. पहिल्याच वर्षी लक्षात आलं."

"मग दुरुस्त का नाही केलं? एका ओळीचं काम आहे!"

"ओळ एकच आहे, मॅडम, पण ती प्रमाणित आहे. तर्काला हात लावायचा तर सगळ्या यंत्रणेला नव्याने प्रमाणपत्र घ्यायला लागतं. आणि खरं सांगू का? कुणाची मागणीच नाही." त्याने पुडी तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली. "चहाला माणसं हो म्हणतात. ज्येष्ठालयं भरलेली आहेत, प्राधिकरणाचं उद्दिष्ट पुरं होतंय. ज्यांना म्हातारी माणसं घरातच ठेवायचीयत, पेन्शनसाठी म्हणा, प्रेमासाठी म्हणा, तेही खूश."

"ते कसे खूश?"

"ते निघताना भरपूर चहा पाजून आणतात. थर्मास घेऊन जिन्यात उभे असतात. म्हाताऱ्याला नकोसा झाला की नाही म्हणतो." त्याने पुडीच्या तळाचा चुरा तळहातावर घेतला. "आणि ज्यांना पाठवायचंय त्यांना एजंट सांगतात, सकाळपासून चहा देऊ नका. घरात दूध नासलं म्हणा."

केतकी दोन पावलं मागे सरकली. वेफर्सचा वास असेल, किंवा तो तळहात, जो तो आता जिभेने स्वच्छ करत होता. आपण याला पहिल्या वर्गात पास केलं होतं, हे तिला आठवलं.

निनादला तिने जिन्यातच गाठलं.

"दूध नासलं होतं का रे त्या दिवशी?"

निनादने जिन्याच्या वरखाली पाहिलं. "हळू बोल. ऋचाचं मौन चालू आहे."

"ऐंशीच्या पुढच्या माणसाला तू सकाळपासून चहावाचून ठेवलंस, निन्या?"

"चहा आरोग्याला चांगला नसतोच," निनाद म्हणाला. मग त्याचा चेहरा एकदम लहानपणी पकडला गेल्यावर व्हायचा तसा झाला. "तुला काय जातंय बोलायला? तू रोज असतेस इथे? मी जेवायला बसलो की ते माझ्या ताटाकडे बघतात. भाजी किती घेतली, किती टाकली. माझ्या घरात मला तपासणीला उभं राहिल्यासारखं वाटतं. एवढा पुळका आहे ना, मग तू ने त्यांना."

केतकीच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या होत्या. एकीत ती आणि तिचा नवरा श्रीरंग, दुसरीत श्रीरंगचे मासे. माशांना तापमान एकसारखं लागतं आणि दार सारखं उघडलेलं चालत नाही.

"प्रश्न तो नाहीच आहे," ती म्हणाली. "प्रश्न तत्त्वाचा आहे. चुकीच्या प्रोग्रॅमवर मी माझ्या वडिलांना जाऊ देणार नाही."

"म्हणजे बरोबर प्रोग्रॅमवर जाऊ देशील," निनाद म्हणाला. तो नेहमीच गणितात तिच्यापेक्षा बरा होता.

तिने प्राधिकरणाकडे तक्रार केली, त्यामुळे अप्पांचं जाणं तूर्त थांबलं. तक्रारीत तिने बूलियन म्हणजे काय ते दिव्याच्या उदाहरणासह लिहिलं, क्षीरसागरचं उदाहरण दिलं, आणि चुकीची ओळ बदलून कशी असावी तेही लिहिलं. असा मजकूर कुणी वाचणार नाही याची तिला खात्री होती. पण तेव्हा अधिवेशन जवळ आलं होतं. परिपत्रक निघालं. 'चहासंबंधीच्या प्रश्नामुळे उद्भवलेली तांत्रिक त्रुटी दूर करण्यात आली असून बाधित ज्येष्ठांची फेरचाचणी घेण्यात येईल.' वर्तमानपत्रांनी केतकीचं नाव छापलं. तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांनी तिला गुलाबाचं फूल दिलं.

तिने आनंदाने रोहनला फोन केला. "ओळ बदललीत तर शेवटी!"

"ओळ? नाही हो, मॅडम," रोहन म्हणाला. तो काहीतरी चावत होता. "चहाचा प्रश्न काढला. प्रश्न काढायला प्रमाणपत्र लागत नाही."

"अरे, पण मग आता शेवटचा प्रश्न कुठला राहिला?"

"त्याच्या आधीचा." चावणं थांबलं. "'सर्व उत्तरं खरी दिलीत का?'"

केतकीच्या डोळ्यांपुढे अप्पा उभे राहिले. स्वखुशीने जाताय का? नाही. कायम राहायची तयारी आहे का? नाही. सगळं खरं सांगितलंत का? हो! त्यांच्या मानेतली नस त्या 'हो'ला इतकी मोकळी सोडणार की आकडा एकाच्या पलीकडे जायला बघेल. आणि राजीमध्ये ट्रू पडणार. सत्ययुगात आता प्रामाणिकपणे नकार देणारा प्रत्येक माणूस ज्येष्ठालयात जाणार होता. घरी फक्त खोटारडे राहणार होते.

फेरचाचणीच्या सकाळी केतकी अप्पांना घेऊन केंद्रावर आली. जिन्यात भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या आणि त्यांच्यावर सत्ययुगाचं सोनेरी पोस्टर. निनादही आला होता. तो लांबच्या बाकावर डोळे मिटून श्वास मोजत बसला होता.

"अप्पा, नीट ऐका. तुम्हाला आत एक उत्तर खोटं द्यायचंय. कुठलंही एक."

"मी? खोटं?"

"एकच. म्हणजे शेवटी ते विचारतील ना, सगळी उत्तरं खरी दिलीत का, तेव्हा हो म्हणताना तुमचं मन तुम्हाला खाईल. मग पट्टी फॉल्स दाखवेल. मग तुम्हाला जावं लागणार नाही."

अप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. काटा मारलेल्या तराजूकडे ते असंच बघत असतील.

"म्हणजे मी खरं बोललो तर माझं खोटं धरणार. आणि खोटं बोललो तर खरं धरणार."

"हो."

"आणि हे तू शिकवतेस? कॉलेजात?"

"हे नाही शिकवत, अप्पा. हे न करायला शिकवते."

"मुलं शिकलेली दिसत नाहीत," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

दार उघडंच होतं. मुलीने फडक्याने पट्टी पुसली. त्याच फडक्याने कपाळावरचा घाम पुसला. पट्टी मानेला लावली तेव्हा अप्पांनी डोळे मिटून घेतले. प्रश्नांचा यांत्रिक आवाज बाहेर स्पष्ट ऐकू येत होता. तो एका प्रसिद्ध निवेदिकेचा होता आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी गोड चढायचा. मुलाकडे राहायला आवडेल का? "नाही." मुलीकडे राहायला आवडेल का? "हो." केतकीने लांबच्या बाकावरच्या निनादकडे पाहिलं. ज्येष्ठालयात राहायला आवडेल का? "नाही." स्वखुशीने जाताय का? "नाही." एकेक 'नाही' अप्पा दुकानदाराला दंड सांगावा तसा सांगत होते.

"सर्व उत्तरं खरी दिलीत का?"

खाली बस स्टँडवर कुणीतरी जतच्या गाडीसाठी ओरडत होतं.

"हो," अप्पा म्हणाले. आवाज घासून आला, घशात काहीतरी अडकल्यासारखा.

यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. मुलीने ती फाडून केतकीच्या हातात दिली. तळाशी 'राजी: फॉल्स' छापलेलं होतं. केतकीने मूठ आवळली. पलीकडे निनादचा श्वास चुकला.

मग तिने चिठ्ठीचा वरचा भाग वाचला. नोंदीचे तीन आकडे होते. मुलाकडे: पॉइंट बावीस. ज्येष्ठालयात: पॉइंट एकतीस. मुलीकडे: पॉइंट शून्य नऊ.

"अप्पा," ती म्हणाली, "माझ्याकडे राहायला आवडेल म्हणालात ना तुम्ही?"

अप्पा मान रुमालाने खसखसून पुसत होते. "तूच म्हणालीस, एक खोटं द्या."

"पण तेच?"

"मला त्यातल्या त्यात तेच सुचलं." त्यांनी रुमालाची घडी घातली. "तुझ्याकडे टीव्हीचा आवाज किती असावा हे ठरलेलं आहे, केतू. गेल्या खेपेला मी शिंकलो तर श्रीरंगराव मासे बघायला धावले. वाईट वाटून घेऊ नकोस. चिठ्ठी बघू."

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उलटून मागे शिक्का आहे का ते पाहिलं. नव्हता. तरी त्यांनी ती खिशात ठेवली.

निकाल फॉल्स असल्यामुळे अप्पा निनादच्या घरी राहिले. केतकीचा पुन्हा एक सत्कार झाला. तिने वर्गात या विषयावर एक तास घेतला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यातल्या चाचणीतही तीच चूक आली, या वेळी खुद्द क्षीरसागरच्या पेपरात. भावाच्या घरी मोरपंखी नमुना भिंतीवरून कुणी काढला नाही. ऋचाने मौनाचे तास वाढवले. निनाद अप्पांशी अतिशय नम्रपणे बोलू लागला, बँकेतल्यासारखा. "अप्पा, आपल्याला काही हवं आहे का?" अप्पांना फोन केला की ते "ठीक आहे" म्हणायचे. केतकीने एकदा विचारलं, "चला का चार दिवस माझ्याकडे?" आणि दोघांनाही त्या प्रश्नाचा आकडा माहीत असल्यामुळे पुढे कुणी काही बोललं नाही.

मग एके दिवशी दुपारी निनादचा फोन आला. अप्पा घरात नव्हते. त्यांची लहान पत्र्याची पेटीही नव्हती.

"तूच नेलंस ना पोचवायला?" केतकी ओरडली. "फॉल्स असताना? तुला तुरुंगात टाकतील, निन्या!"

"आईशप्पथ ताई, मी आंघोळीला गेलो होतो!"

केतकी रिक्षा करून थेट मालगाव रस्त्यावर गेली. निवांत ज्येष्ठालय म्हणजे पूर्वीचं मंगल कार्यालय होतं. बोहल्याच्या जागी कॅरमबोर्ड होता. फिनेल आणि उकडलेल्या कोबीचा वास एकत्र येत होता. भिंतीलगत खाटांची ओळ, आणि शेवटच्या खाटेवर अप्पा पाय लोंबकळत सोडून बसले होते. पेटी अजून उघडलेली नव्हती.

"उठा, अप्पा. हे लोक तुम्हाला ठेवूच शकत नाहीत. तुमचा निकाल फॉल्स आहे."

"बस जरा. दमलीस."

"बसत नाही. तुम्हाला इथे यायचं नव्हतं! मशीनने सांगितलंय. पॉइंट एकतीस. पॉइंट एकतीस म्हणजे नाही, अप्पा!"

अप्पांनी खिशातून चिठ्ठी काढली. ती घड्यांवर विरली होती. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि नख टेकवून एकेक आकडा दाखवला, दुकानदाराला दाखवायचे तसा.

"तिन्ही नाहीच आहेत," ते म्हणाले. "त्यातलं मोठं बघितलं."

केतकी त्या आकड्यांकडे बघत राहिली. वर्षानुवर्षं तिने मुलांना सांगितलं होतं की दोन फॉल्स सारखेच असतात. एक फॉल्स दुसऱ्यापेक्षा मोठं नसतं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कोबीचा घास तोंडातून परत ताटात काढला आणि बोटाने बाजूला सारला. ते दृश्य तिला अप्पांकडे बघण्यापेक्षा सोपं गेलं.

"कोबी आवडतो तुम्हाला?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"मग?"

"माझ्या ताटातला कोबी टाकायला इथे मला कुणाची चोरी नाही. आणि दुसऱ्याच्या ताटात मी बघितलं तर तो चिडत नाही. त्याला दिसतच नाही." अप्पा उठले आणि पेटीची कडी काढू लागले. "जा तू आता. श्रीरंगराव वाट बघत असतील."

ती ताडकन व्यवस्थापिकेच्या खोलीत गेली. कोठावळेबाई स्वेटर विणत होत्या.

"तुम्ही माझ्या वडिलांना बेकायदा ठेवलंय," केतकी म्हणाली. "त्यांच्या चाचणीचा निकाल तुम्ही बघितलात का?"

"नाही."

"का नाही?"

"मुलांनी आणून सोडलं तरच चाचणी बघतात," कोठावळेबाई टाके मोजत म्हणाल्या. "हे एसटीने आले."